चिंगी, तू जा. पण तुझ्या अटींवर

प्रिय मावशी,

मी चिंगी. वय अंदाजे पाच, जन्म दक्षिण स्पेनचा, जात पोदेंको (स्पेनचा शिकारी कुत्रा) आणि आणखी काहीतरी. तीन वर्षांपूर्वी आल्मेरियाजवळच्या एका शेल्टरमधून आई-बाबांनी मला दत्तक घेतलं. आता आम्ही श्टुटगार्टला राहतो आणि मला मराठी कळतं. बाबांनी भाड्याचं मोटरहोम ठरवलंय. १२ मार्चला निघायचं, फ्रान्समधून स्पेनमध्ये उतरायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्याने पार तारिफापर्यंत जायचं. २६ दिवस, १९ मुक्काम. १७ ते १९ मार्च वालेन्सियाला, कारण तिथे तेव्हा मोठा उत्सव असतो. बाबा म्हणतात, चिंगीला माहेरी नेतोय, शेल्टरलाही भेट देऊ.

मागच्या महिन्यात सरावासाठी दोन दिवस गाडी आणली होती. मला दोनदा उलटी झाली. दाराच्या पायरीवर मी पाय ठेवला नाही, उचलून चढवावं लागलं. रात्रभर काहीतरी गुणगुणत होतं. आजी फोनवर म्हणाली, कुत्रीला कशाला एवढी दगदग, पाळणाघरात ठेवा. मला वाटतं की मला तिथे परत सोडायला नेत असतील. मी जाऊ की नको?

– चिंगी (लिहून दिलं: ताई, वय ११)

---

प्रिय चिंगी,

पत्र पोचलं. तक्रारी मुद्देसूद आहेत. त्यातल्या किती तुझ्या आणि किती ताईच्या, हे मी विचारत नाही. उत्तर दोघींना मिळूनच देते. आई-बाबांसमोर मोठ्याने वाचा, कारण पुढची बहुतेक कामं त्यांची आहेत.

आधी ती भीती. तुला कोणी सोडायला नेत नाहीये. ज्यांना कुत्रं टाकायचं असतं ते त्यासाठी २६ दिवसांची रजा काढत नाहीत. तुझ्या मानेतल्या चिपचा नंबर बाबांच्या नावावर नोंदलेला आहे आणि तुझा निळा युरोपियन पासपोर्ट आईने कपाटात जपून ठेवला असणार. (घरात युरोपियन पासपोर्ट असलेली तू एकटीच, असा माझा अंदाज. बाकीच्यांनी परवान्यासाठी किती रांगा लावल्या ते त्यांनाच विचार.) रेबीजची लस चालू असेल आणि त्याची नोंद त्यात असेल, तर फ्रान्स-स्पेनसाठी तुला आणखी कागद लागत नाहीत.

तरी ही भीती उगाच आलेली नाही. आल्मेरियाहून जर्मनीला तू बहुधा अशाच एखाद्या मोठ्या, धडधडणाऱ्या गाडीत, पिंजऱ्यात बसून आलीस. दोन-तीन दिवस डिझेलचा वास, अनोळखी कुत्र्यांचं विव्हळणं, आणि दार उघडलं तेव्हा सगळं जगच बदललेलं. मोटरहोममध्ये पाय ठेवताना तुझ्या अंगात तीच गाडी येत असेल तर नवल नाही. तुझ्या दोन उलट्यांपैकी एक तरी हेलकाव्यांची नसून घाबरल्याची असावी, अशी मला शंका आहे. म्हणून पहिली अट अशी: गाडी निघायच्या दोन दिवस आधी दारात आणून उभी करायची. इंजिन बंद. तुझं जेवण तिथे, दुपारची झोप तिथे, ताईचा अभ्यासही तिथेच. आणि घरातली तुझी गोधडी न धुता गाडीत न्यायची. आई धुवायला काढेल, नक्की काढेल. ताईने आडवं पडायचं. त्या गोधडीचा वास म्हणजेच तुला घर, आणि ते साबणाने जाईल.

आता बाबांचा आराखडा. १९ मुक्कामांचा तो नकाशा पुढच्या काचेतून समुद्र बघणाऱ्या माणसाने काढलाय. तुझी जागा काचेपाशी नाही, टेबलाच्या पायापाशी आहे. तिथून काल्पेचा समुद्रात उभा राहिलेला ३३२ मीटरचा सुळका दिसत नाही. दिसतो टेबलाचा पाय, कपाटाची कडी आणि ताईचे मोजे. बाबांच्या लेखी जो कोस्ता ब्रावाचा किनारा, तो तुझ्या लेखी दोन तास थरथरणारी लादी. तुझी सहल सुरू होते ती दार सरकवल्यावर.

आणि ती कशी सुरू होते ते आई-बाबांनी एकदा नीट बघावं. गाडी थांबते. ते दोघं खाली उतरतात, कमरेवर हात ठेवतात, समुद्राकडे तोंड करून 'वा!' म्हणतात. तू समुद्राकडे पाठ करून थेट मागच्या चाकाशी जातेस. बरोबर करतेस. रात्री ज्या तळावर गाडी उभी होती तिथल्या प्रत्येक कुत्र्याने त्या चाकावर आपली खबर ठेवलीय, आणि ती गाडीबरोबर पुढच्या गावी आलीय. डच माणसाची म्हातारी लॅब्राडॉर, शेजारच्या व्हॅनमधला माजोरी टेरियर, तळाच्या मालकाचा पट्टा न लावलेला कुत्रा, सगळे तिथे हजर. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख, तुझ्या नाकात वीस-तीस कोटी, असं सांगतात. तेव्हा चाकाला पाच मिनिटं लागली तर पट्टा ओढायचा नाही. बाबा 'चल चल' म्हणाले तर ताईने त्यांच्या हातातून मोबाईल काढून घ्यावा. तोही त्यांचं चाकच आहे.

रंगांच्या बाबतीत मात्र हा किनारा तुझ्यासाठीच घडवलाय म्हणायला हरकत नाही. तुला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, पण निळा आणि पिवळा छान दिसतो. समुद्र आणि वाळू, झालं की. छत्र्यांचा लाल रंग तुला मळकट दिसेल, त्याने काही अडत नाही.

आता मुख्य मुद्दा. नव्या जागी पहिला दिवस तुझा चौकीदारीत जातो. कोण येतं, कोण जातं, पलीकडची मांजर कुठे बसते, कचऱ्याची गाडी कधी येते. स्पेनच्या बंदरांत धक्क्याच्या दगडांमध्ये मांजरांच्या वसाहती असतात, गावकरी त्यांना खाऊ घालतात, आणि २०२३च्या प्राणीकल्याण कायद्याने त्यांची व्यवस्था बघणं पालिकेचं काम झालंय. तुझ्या रक्तातल्या पोदेंकोला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सशांमागे धावलेल्या कुत्र्याला, एवढ्यावर झोप लागणं कठीण. दुसऱ्या दिवशी तू जरा सैल होतेस. तिसऱ्या दिवशी तुझा स्वतःचा रस्ता ठरतो: हा कोपरा, तो खांब, ती भिंत, मग घर. कुत्र्याला मजा येते ती तिथून पुढे. २६ दिवसांत १९ मुक्काम केले तर तू रोज पहिलाच दिवस काढशील, आणि परत आल्यावर आई म्हणेल, चिंगी सहलीत फार थकली बाई.

तेव्हा दुसरी अट: लांबचे मुक्काम चार, प्रत्येकी चार-पाच रात्री. मी सुचवते तसे घ्या किंवा आपले निवडा, पण आकडा वाढवू नका.

पहिला मुक्काम वरच, एम्पुरियाब्रावाच्या आसपास. तिथे ला रुबीनाच्या किनाऱ्यावर कुत्र्यांसाठी राखलेला भाग आहे, आणि जवळच एम्पुरिएसचे ग्रीक-रोमन अवशेष आहेत, ते आई-बाबांनी आळीपाळीने बघावेत. तिथे ट्रामोन्ताना नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो आला की गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करायची, नाहीतर रात्रभर पाळणा. दुसरा मुक्काम एब्रो नदीच्या मुखाशी. सपाट भातखाचरं, कालवे, मोकळे रस्ते. आईला आपल्याकडची भातशेती आठवेल आणि ती तुला सोडून फोटो काढत बसेल. इथे पट्टा सोडायचा नाही. वसंतात वाळूवर चिखल्या पक्षी उघड्यावर अंडी घालतात आणि तू एका धावेत एका पिढीचा निकाल लावशील. तिसरा देनिया किंवा आल्तेया. चौथा आल्मेरियाजवळचं काबो दे गाता, म्हणजे तुझा मुलूख.

वालेन्सिया या क्रमातून मी मुद्दाम गाळलंय. बाबा ज्या उत्सवासाठी चाललेत तो फायास. २०१६ साली तो युनेस्कोच्या यादीत गेला, बघण्यासारखा आहे यात वाद नाही. पण १ ते १९ मार्च रोज दुपारी दोन वाजता तिथल्या पालिकेच्या चौकात 'मास्क्लेता', म्हणजे फटाक्यांची सरबत्ती, होते. हे आतषबाजीसारखं बघायचं नसतं, दिवसाढवळ्या नुसता आवाज ऐकायचा असतो, आणि तो छातीत जाणवेल इतका वाढवत नेणं हेच त्यातलं कसब. शेवटचे चार-पाच दिवस गल्लोगल्ली पोरं फटाके फोडतात आणि १९ तारखेच्या रात्री सगळ्या मोठ्या प्रतिमा जाळतात. ३१ डिसेंबरच्या रात्री श्टुटगार्टमध्ये तुझं काय होतं ते ताईने लिहिलं नाही, पण मी ओळखलं. त्यात फायास फक्त वालेन्सिया शहरापुरतं नसतं. बेनिकार्लोत, देनियातही असतं. तेव्हा १९ तारखेची रात्र उलटेपर्यंत एब्रोच्या दक्षिणेला चाक जाऊ द्यायचं नाही. बाबांना बघायचंच असेल तर त्यांनी एब्रोकाठून सकाळच्या ट्रेनने एकट्याने जावं आणि रात्री परत यावं. कानात बोळे घालून.

आता खुद्द प्रवास. तुझी जागा गाडीच्या मधोमध, पुढच्या सीटच्या मागे, खाली. मागचा पलंग तुला आवडतो हे मला ठाऊक आहे, पण मागच्या चाकांच्याही मागे लोंबणारा तो भाग सर्वात जास्त हेलकावतो, उलटी तिथेच होते. हार्नेस सीटच्या पट्ट्याला अडकवलेला, नाहीतर पिंजरा पक्का बांधलेला. गाडीत मोकळं फिरणारं कुत्रं ब्रेक दाबल्यावर कुठे जाईल ते सांगायला नको, आणि स्पेनचे पोलीस त्याबद्दल दंड करतात. निघण्याआधी तीन-चार तास जेवण नाही, पाणी हवं तेवढं. तरीही मळमळलं तर डॉक्टरांकडे त्याची गोळी मिळते. ती निघण्यापूर्वी द्यायची असते, उलटी झाल्यावर उपयोग नाही. माणसांची गोळी अर्धी करून देण्याचा आजीचा उपाय नको.

रस्त्याबद्दल बाबांशी मी भांडायला तयार आहे. त्यांना जुन्या एन-३४० रस्त्याने, समुद्र बघत जायचं असेल. त्या रस्त्याला गावागणिक राउंडअबाउट आहेत, आणि प्रत्येक राउंडअबाउटला तुझं पोट एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे जातं. शेजारून एपी-७ महामार्ग सरळ जातो. तारागोना ते आलिकांते टप्प्याचा टोल २०२०च्या सुरुवातीला गेला, फ्रेंच सीमेपासून खालचा सप्टेंबर २०२१ मध्ये. म्हणजे पैसे वाचवायलाही जुना रस्ता धरायचं कारण उरलं नाही. दर दोन तासांनी थांबा, पंधरा मिनिटं पाय मोकळे, मग पुढे.

रात्रीची गुणगुण तुझ्या मनातली नव्हती. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तुला ४५ हजारांच्या आसपास. इन्व्हर्टर, मोबाईलचा चार्जर, हीटरचा पंखा, फ्रिज, सगळे तुझ्या कानाशी बोलत असतात. दिवे घालवून आईने दहा मिनिटं तुझ्याकडे बघत बसावं. तू ज्या दिशेला कान फिरवशील तिथला प्लग काढावा. बहुतेक वेळा इन्व्हर्टर निघतो, आणि रात्री त्याची कोणाला गरजही नसते.

घड्याळाचा घोळही समजून घ्या. स्पेन पार पश्चिमेला, पण घड्याळ जर्मनीचंच. आल्मेरियात सूर्य श्टुटगार्टपेक्षा पाऊण तासाने उशिरा डोक्यावर येतो. मार्चअखेर घड्याळं एक तास पुढे गेली की तिथली खरी दुपार सव्वादोनला होते. आई म्हणेल, चार वाजले, ऊन उतरलं, चला फिरायला. आणि तुझ्या पायाखालचा डांबरी रस्ता अजून तापलेलाच. हाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर निघायचं नाही. तुझ्या चकरा सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी सातच्या पुढे. सुदैवाने सगळा स्पेन तेव्हाच बाहेर पडतो, आणि हॉटेलांच्या बाहेर मांडलेल्या टेबलांखाली तुला कोणी हटकत नाही. आत घ्यायचं की नाही ते मालकाच्या मर्जीवर.

गाडीत एकटं ठेवणं, यावर मी कडक आहे. बाहेर २१-२२ अंश असताना उन्हातल्या बंद मोटारीत अर्ध्या तासात चाळिशी गाठली जाते. मोटरहोमच्या भिंती जाड असतात, त्याला जरा जास्त वेळ लागेल, पण पुढची ती भलीमोठी काच तेच काम करते. 'मार्चच तर आहे' हे वाक्य मी पुष्कळ ऐकलंय. धोका होईल अशा गाडीत प्राणी कोंडणं त्याच २०२३च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि दुकानाबाहेर खांबाला बांधून आत जाणंही. दोघांपैकी एकाने थांबायचं, एवढाच उपाय. आई किल्ला बघेल, बाबा तुझ्याबरोबर, मग उलट. बाबा तेवढ्यात झोपतील. त्यांचीही सहलच आहे.

मार्चमधली सर्वात वाईट गोष्ट पाइनच्या झाडाखाली असते. झाडाच्या शेंड्याला पांढऱ्या रेशमी पिशव्या लटकलेल्या दिसल्या की तिथे गाडी लावायची नाही, सावली कितीही गार असो. फेब्रुवारी ते एप्रिल त्यातून सुरवंट उतरतात आणि एकाच्या शेपटीला दुसऱ्याचं डोकं लावून आगगाडीसारखे जमिनीवरून चालतात. आपल्याकडे शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, ते आईने लहानपणी पाहिले असतील आणि आजीने खराट्याने झाडले असतील; पण त्यांनी फार तर खाज सुटते. इथल्यांच्या केसांतलं विष कुत्र्याच्या जिभेला लागलं की जीभ सुजते, काळी पडते, कधीकधी तिचा तुकडा गळून पडतो. तू नाक जमिनीला लावून चालणारी, त्यामुळे तुला नको तितकी ओढ वाटेल. लागलंच तर भरपूर पाण्याने तोंड धुवायचं, चोळायचं अजिबात नाही, हातात मोजे घालायचे, आणि थेट डॉक्टर. उद्या बघू नाही. प्रत्येक मुक्कामाला पोचल्यावर आईने सर्वात आधी 'क्लिनिका बेतेरिनारिया, उर्हेन्सियास' एवढं शोधून त्याचा नंबर फ्रिजवर लावावा.

वाळूमाशी ही दुसरी. नाव ऐकून आई-बाबा दचकतील, कारण आपल्याकडे ती चांदिपुराच्या बातम्यांत असते. तो विषाणू १९६५ साली नागपूर जिल्ह्यातल्या चांदिपुरा गावात सापडला. स्पेनमध्ये ती कुत्र्यांना लेशमानिया देते, काळ्या आजाराच्या कुळातला रोग. ती चावते अंधार पडल्यावर, आणि तिचा हंगाम तुम्ही परत फिराल तेव्हा, एप्रिलच्या आसपास, सुरू होतो. औषधी पट्टा निघण्याच्या पंधरा दिवस आधी गळ्यात बांधा, त्याचा अंमल चढायला वेळ लागतो. तू मुळात तिथलीच, त्यामुळे तुझी एक रक्ततपासणी नक्की झाली असणार. पण हा रोग अंगात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. एकदाचं 'निगेटिव्ह' बघून फाइल बंद करू नका. जाण्याआधी आणि परतल्यावर काही महिन्यांनी पुन्हा तपासा.

कुसळांबद्दल थोडक्यात: दक्षिणेकडे गवत लवकर वाळतं, कुसळं बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत शिरतात. रोज संध्याकाळी ताईने चारही पंजे उलटून बघावेत. समुद्राचं पाणी प्यायचं नाही, जुलाब होतात. किनाऱ्यावर तपकिरी वाळलेल्या समुद्री गवताचे ढीग दिसतील. त्यात लोळायला परवानगी आहे, मेलेल्या माशावर लोळायला नाही. तू दोन्ही करशील.

किनाऱ्यावर जायला मिळेल का, हे गावावर आहे. बंदी मुख्यतः उन्हाळ्याच्या आंघोळीच्या हंगामात असते, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये पुष्कळ ठिकाणी सूट मिळते, पण प्रत्येक पालिकेचा नियम वेगळा. वाटेच्या तोंडाशी पाटी असते, ती वाचायची. आलिकांतेला आग्वा आमार्गा, वालेन्सियाजवळ पिनेदो अशा कुत्र्यांच्या राखीव जागाही आहेत.

आणि तळाबाहेर रस्त्याकडेला गाडी लावली तर तुझ्यामुळे बाबांना दंड होऊ शकतो, तो असा. स्पेनमध्ये मोटरहोम कायदेशीर जागी 'उभं' करून आत झोपता येतं. पण चाकांच्या बाहेर काही मांडलं, खुर्ची, छत, टेबल, की तो 'तळ' ठरतो. तुझा पाण्याचा वाडगा आणि लांब दोरीने दाराला बांधलेली तू, हेही बघणाऱ्याला मांडलेल्या संसारातच मोजता येतं. बाहेर पसरायचं असेल तर पैसे भरून कॅम्पिंगवर जा. काबो दे गाता राखीव निसर्गक्षेत्र आहे. तिथे तर कॅम्पिंगशिवाय रात्र काढायचा विचारच नको. कोरड्या नदीपात्रात, ज्याला तिथे 'राम्ब्ला' म्हणतात, गाडी लावायची नाही. बोरू माजलेले असतात, सावली असते, तुला वासही भरपूर मिळतील, आणि डोंगरात कुठेतरी पाऊस पडला की तासाभरात तिथे पूर असतो. २९ ऑक्टोबर २०२४ला वालेन्सियाच्या परिसरात दोनशेहून जास्त माणसं गेली, ती अशाच ओढ्या-नाल्यांच्या पाण्याने.

राहिलं माहेर. बाबांचा हेतू चांगला आहे, शेल्टरवाल्यांना तुझी तुकतुकीत पाठ दाखवावी, चार पेढे द्यावेत. पण तुला त्या दारात नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तू ओळखशील की नाही, याची परीक्षा कशाला घ्यायची? शेकडो कुत्र्यांचं भुंकणं, फिनाइल, लोखंडी दारं. आठवलं नाही तर मिळवलं काहीच नाही, आणि आठवलं तर ताईच्या पत्रातली ती ओळ तुझ्या अंगात खरी होईल. बाबांनी एकट्याने जावं, तुझे फोटो न्यावेत, गोणीभर खाणं द्यावं. तेवढा वेळ तू आणि ताई किनाऱ्यावर. काबो दे गाताची ती कोरडी जमीन, घायपात, खारट हवा, ससे, हे तुझं माहेर पुरेसं आहे. सशांमुळे तिथेही पट्टा सुटणार नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस.

आजीचं पाळणाघर? आजीला चूक म्हणणार नाही. म्हातारं, सांधे धरलेलं किंवा चपट्या नाकाचं कुत्रं असतं तर मी तिच्या बाजूने बोलले असते. तुझ्यासारखीला मात्र, जिला एकदा पिंजऱ्यात ठेवून माणसं निघून गेली आहेत, २६ दिवस पुन्हा पिंजऱ्यात ठेवू नये. बाबांनी एकही अट मानली नाही तर मात्र आजीला फोन लावा. तिने श्टुटगार्टला येऊन तुझ्याबरोबर राहावं.

शेवटची अट बाबांना झोंबेल. तारिफा यंदा सोडा. युरोपच्या मुख्य भूमीचं ते दक्षिण टोक, समोर १४ किलोमीटरवर आफ्रिका, सगळं मान्य. पण काबो दे गातापासून ते आणखी जवळजवळ चारशे किलोमीटर, आणि तेवढेच मागे. शिवाय तिथला लेवान्ते वारा सुटला की दिवसेंदिवस थांबत नाही, वाळू तुझ्या डोळ्यांच्या उंचीवरून उडते आणि माणसं म्हणतात, फार काही नाही, थोडा वारा आहे. परतीचा प्रवास कोणीच नकाशावर काढत नाही. तोही तुलाच करायचा असतो, काहीही नवं बघायचं नसताना. त्याऐवजी त्याच वाटेने, त्याच तळांवर मुक्काम करत परत या: देनिया, एब्रो, एम्पुरियाब्रावा. माणसांना तेच तेच वाटेल. तुला तेच हवं असतं. तोच खांब, तीच भिंत, आणि मधल्या पंधरवड्यात कोण कोण येऊन गेलं त्याची ताजी खबर.

तुझी,
मावशी

ता. क. पायरीचं राहिलंच. ती लोखंडी जाळीची असणार. तुझी नखं त्यात अडकतात आणि खालची जमीन आरपार दिसते, म्हणून तू थांबतेस. बाबांनी पायपुसण्याचा तुकडा कापून तिच्यावर चार प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधावा, आणि आत विनाइलच्या लादीवर पाय सरकू नयेत म्हणून घरातली जुनी सतरंजी अंथरावी. पहिल्या दिवशी पायरीवर चीजचा तुकडा ठेवला तर मी कोणाला सांगणार नाही.